कुंडीतल्या कोरफडीचे पान बिघडले, तर आधी माती पाहा



पिकांवरच्या रोगकिडींविषयी आपण कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा लहान आहे. तो शेतातला नाही, ओट्यावरचा आहे. कुंडीतली कोरफड. पडवीच्या कडेला, न्हाणीजवळ, नाहीतर तुळशीच्या आडोशाला एखाद्या फुटक्या डेऱ्यात किंवा तेलाच्या रिकाम्या डब्यात ती बहुतेक घरी असतेच. हात पोळला की तिची आठवण होते, एरवी तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मग एक दिवस घरातल्या कोणाच्या तरी ध्यानात येते, की पाने पिवळी पडलीत, खाली लोळायला लागलीत. "पाणी कमी पडलं वाटतं," असे म्हणत जो तो येताजाता तांब्याभर पाणी ओततो. आठपंधरा दिवसांत कोरफड बसते ती बसतेच.

माझ्या घरी हेच झाले. आईने माहेराहून आणलेली कोरफड होती, गावातल्या निम्म्या घरांत तिचीच पिल्ले गेलेली. आई आजारी पडली तेव्हा कुंडी माझ्याकडे आली. मी लोकांना शेतीचा सल्ला देणारा माणूस, मला काय कठीण! पाने सुरकुतलेली दिसली आणि मी रोज पाणी घालू लागलो. पाने आणखी सुरकुतली, मी आणखी पाणी घातले. शेवटी एका सकाळी झाड हाताने जरा हलवले, तर ते बुंध्यापासून सुटून हातात आले. खाली मुळी नव्हतीच, नुसता काळा चिखल. आईने काही म्हटले नाही, पण शेजारच्या काकूंकडे एक पिल्लू मागायला मात्र मलाच पाठवले.

म्हणून आजचे हे पत्रक. कोरफडीची पाने कशाकशाने बिघडतात, ते कसे ओळखायचे आणि काय करायचे, ते सांगतो. पानफुटीलाही यातले बरेचसे लागू आहे, तिच्याबद्दल शेवटी थोडे वेगळे सांगेन.

हे झाड वेगळे कसे?

कोरफड मूळची अरबस्तानच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिथे पाऊस थोडा आणि ऊन फार. म्हणून या झाडाने पाणी साठवायची कोठी आपल्या पानातच करून ठेवली आहे. पान जाड दिसते, ते आतल्या गरामुळे, आणि त्या गरात जवळजवळ सगळे पाणीच असते. वरून पानाला मेणचट साल. दुसरी गंमत अशी, की ज्वारी, कापूस, भाजीपाला ही आपली पिके दिवसा पानांवरची बारीक छिद्रे उघडून हवा घेतात, आणि त्या उघड्या छिद्रांतून पाणीही उडून जाते. कोरफड असे करत नाही. दिवसा ती छिद्रे मिटून बसते आणि रात्री गारवा पडला की उघडते. रात्री घेतलेला कर्बवायू ती आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते आणि दिवसा ऊन आले की दार न उघडता त्याचे अन्न तयार करते. म्हणजे पाण्याच्या बाबतीत हे झाड फार काटकसरी. तुम्ही तिला आठ दिवस विसरलात तरी ती रागावत नाही. रोज आठवण ठेवलीत तर मात्र मरते.

मुळ्याही तशाच. खोल जात नाहीत, वरच्या वर पसरतात. पाऊस आला की पटकन प्यायचे आणि पुन्हा कोरडे व्हायचे, ही त्यांची सवय. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सारख्या पाण्याने भरून राहिल्या, तर मुळी गुदमरते. गुदमरलेली मुळी कुजू लागते आणि मातीतल्या बुरशीला आयते घर मिळते. हळदीत कंद कुजतो, आल्यात गड्डा सडतो, तुम्हाला ते माहीत आहे. तिथेही पाणी साचल्यावाचून रोग बळावत नाही. इथली जातकुळी तीच.

सुरकुतलेले पान: तहान की सड?

सगळी चूक इथेच होते, म्हणून हे सावकाश वाचा.

कोरफडीला तहान लागली की पाने पातळ होतात, लांबीत दुमडून पन्हाळीसारखी होतात, शेंडे वाळतात. आता मुळी कुजली असली तर? मुळीच नाही म्हटल्यावर झाड पाणी पिणार कशाने? कोठीतले पाणी संपत जाते आणि पान पुन्हा तसेच सुरकुतते. वरून बघाल तर दोन्ही कोरफडी सारख्याच दिसतील. एकीला पाणी दिले की ती वाचेल, दुसरीला दिले तर ती संपेल. तेव्हा नुसते पान बघून निर्णय करू नका.

खराट्याची एक कोरडी हिर घ्या. कुंडीच्या कडेने मातीत वीतभर खाली खुपसा, मिनिटभर राहू द्या आणि बाहेर काढा. हिर कोरडी निघाली, माती चिकटली नाही, कुंडी उचलून बघितली तर हलकी लागते, तर ती तहान. हिरीला ओला चिखल चिकटून आला, कुंडी जड आहे आणि तरीही पान सुरकुतलेले, तर समजा मुळी गेली. तिथे पाण्याचा थेंब घालू नका.

दुसरी खूण बोटाची. खालचे पान बुंध्याजवळ चिमटीत धरा. तहानलेले पान चामड्यासारखे लवते पण चिवट असते. सडीचे पान पिलपिलीत लागते, पिकलेल्या केळासारखे. त्याचा रंग पिवळट, काचेसारखा पारदर्शक झालेला असतो, आणि वास घेतलात तर कुबट, आंबूस येतो. पान ओढले की सहज निसटून येते. आणखी एक. सड बुंध्याकडून शेंड्याकडे चढते, तहानेचे वाळणे शेंड्याकडून खाली उतरते.

आणि अगदी खालचे, जुने एखादे पान वाळून कागदासारखे झाले असेल, बाकीचे झाड टवटवीत असेल, तर तो रोगच नाही. झाड जुने पान टाकून देते. ते काढा आणि विसरा.

तहान असेल तर उपाय सोपा. एकदाच भरपूर पाणी द्या, खालच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नको. दोनचार दिवसांत पाने भरू लागतील. माती फारच वाळून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर घातलेले पाणी त्या फटीतून तसेच खाली निघून जाते, मुळीला लागत नाही. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवा, म्हणजे माती खालून पाणी ओढून घेईल. मग मात्र बाहेर काढून निथळू द्या.

सड असेल तर झाड कसे वाचवायचे?

उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी झाड कुंडीतून बाहेर काढा. मुळांची सगळी माती झाडा, पाण्याने धुऊन टाका. आता मुळ्या नीट दिसतील. चांगली मुळी पिवळसर-पांढरी आणि कडक असते. कुजलेली काळी असते आणि दोन बोटांत धरून ओढली की साल हातात येते, आत दोरा राहतो. कुजलेल्या सगळ्या मुळ्या धारदार पात्याने कापा. पाते आधी स्पिरिटने पुसा, नाहीतर उकळत्या पाण्यात घाला, आणि सडलेला भाग कापला की पुन्हा पुसा. न पुसलेल्या पात्याने तुम्हीच रोग चांगल्या भागात नेता. मऊ पडलेली पानेही बुंध्यापासून काढा. बुंधा कापल्यावर आत पांढरा, कोरडा दिसेपर्यंत कापत जा. तपकिरी डाग राहिला तर सड परत येणार.

यानंतरची पायरी लोकांना पटत नाही. झाड लगेच लावायचे नाही. सावलीत, वाऱ्यावर, कागदावर किंवा सुपात तीनचार दिवस तसेच उघडे ठेवायचे. मोठी जखम असेल तर आठवडाभर. जखम वाळून तिच्यावर खपली धरू द्यायची. उसाचे बेणे आपण तोडल्यावर लवकर लावतो, म्हणून हे उलटे वाटते. पण कोरफडीच्या पोटात पाणी आहे, ती आठवडाभर मातीवाचून मरत नाही. ओल्या जखमेने मातीत घातलीत तर सडते.

मग कोरड्या, नव्या मातीत लावा. लावल्यावर पाचसहा दिवस पाणी नाही. त्यानंतर थोडे. नवीन मुळी फुटायला महिनाभरही लागतो, तोवर पाने मलूल दिसतील, धीर धरा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. जुनी कुंडी घासून, धुऊन दोनतीन दिवस कडक उन्हात पालथी घाला.

बुंधाच संपूर्ण गेला असेल तर मोठे झाड गेले. कोरफडीचे नुसते पान खोचून नवे झाड होत नाही, बहुतेक वेळा ते सडते. पण कडेला पिल्ले असतील आणि त्यांच्या मुळ्या पांढऱ्या असतील, तर ती वेगळी करून वाळवून लावा. जुन्या झाडाचा वंश तरी राहील.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. कोरफडीची पिल्ले लावून कुंड्या आठवडी बाजारात विकणाऱ्या भगिनी आता पुष्कळ आहेत. चार पैसे सुटतात, चांगले आहे. पण सडीच्या किंवा किडीच्या झाडाची पिल्ले विकू नका. वरून ठीक दिसतात, महिन्याने घेणाऱ्याच्या घरी बसतात, आणि पुढल्या बाजारी गिऱ्हाईक तुमच्याकडे फिरकत नाही. चारपाच पाने आलेले, वीतभर वाढलेले पिल्लूच वेगळे करा.

कुंडी, माती आणि पाणी

सडीचे मूळ कारण पाण्याइतकेच मातीत आहे. आपली काळी माती कापसाला, गव्हाला सोन्यासारखी, पण कुंडीतल्या कोरफडीला ती वैरीण. एकदा भिजली की दहा दिवस ओल सोडत नाही आणि वाळली की दगड होते. दोन घमेली पोयटा किंवा तांबडी माती, दोन घमेली जाड वाळू नाहीतर चाळलेला मुरूम, आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत, असे मिश्रण करा. वाळू मिळत नसेल तर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतात. ताजे शेण घालू नका, उष्णतेने मुळी भाजते आणि हुमणीच्या अळ्या येतात त्या वेगळ्याच.

कुंडीला भोक हवेच. पत्र्याचा किंवा रंगाचा डबा असेल तर खिळ्याने तळाला चारपाच भोके पाडा आणि प्रत्येकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट बरी. मातीची कुंडी सर्वांत उत्तम, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर निघते. प्लास्टिकची वापरायची तर पाणी आणखी कमी. आणि कुंडीखाली बशी ठेवून तिच्यात पाणी साचू द्यायचे, ही शहरी शोभा आपल्याला नको.

पाणी किती दिवसांनी? तारखेवर जाऊ नका, हिरीवर जा. अंदाज म्हणून सांगायचे तर उन्हाळ्यात आठदहा दिवसांनी, हिवाळ्यात पंधरावीस दिवसांनी. पावसाळ्यात कुंडी पागोळीखालून उचलून पडवीत घ्या आणि पाण्याला जवळजवळ सुट्टी द्या. कोकणातल्या मंडळींनी तर मृग लागायच्या आधीच कुंड्या आत घ्याव्यात. तिथल्या हवेतच इतकी ओल असते की माती वाळायला जागा नाही. पाणी मातीवर घाला, पानांच्या मधल्या पोग्यात नको. पोग्यात साचलेले पाणी रात्रभर राहिले की कोंबच सडतो, आणि कोंब सडला की झाड वाढायचे थांबले.

पान लाल, पांढरे, लांबुडके

कोरफड सावलीतून एकदम उन्हात आणली की आठवडाभरात लालसर, तपकिरी होते. लोक घाबरून औषध शोधतात. तो रोग नव्हे, उन्हापासून अंग झाकायला झाडाने केलेला तो रंग आहे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा, काही आठवड्यांत हिरवी होते. पण पानावर पांढरट, नंतर तपकिरी, कोरडा, खोलगट चट्टा पडला तर ते भाजणे. तो चट्टा भरून येत नाही. चट्टा कोरडा राहिला, पसरला नाही, तर पान कापायचीही गरज नाही. नागपूर, चंद्रपूरकडे वैशाखात कुंडी पश्चिमेच्या भिंतीला ठेवाल तर हे होणारच, भिंतीची धगही तिला लागते. सावलीतले झाड उन्हात न्यायचे असेल तर रोज थोडा थोडा वेळ वाढवत, दोन आठवड्यांत न्या.

उलट अंधाऱ्या ओसरीतली कोरफड लांबुडकी, फिकी होते आणि पाने चटईसारखी आडवी पसरतात. तिला उजेड हवा, खत नको.

थंडीचेही सांगतो. निफाड भागात कडाक्याच्या रात्री पारा फार खाली उतरतो. त्या दिवसांत उघड्यावरच्या कोरफडीचे शेंडे भिजल्यासारखे होऊन काळे पडतात. रात्री गोणपाट टाका किंवा कुंडी आत घ्या, बस्स.

नुसते शेंडेच तपकिरी, कोरडे होत असतील आणि कुंडीच्या बाहेरून किंवा मातीवर पांढरी पापडी धरली असेल, तर ते क्षार आहेत. बोअरचे जड पाणी, नाहीतर हौसेने टाकलेला युरिया. युरिया कोरफडीला कधीच घालू नका. वर्षातून एकदा, उन्हाळा संपता संपता, मूठभर कुजके खत पुरे. पापडी खरवडून काढा आणि पावसाचे साठवलेले पाणी एकदा भरपूर ओतून माती धुवा, खालून सगळे वाहून जाऊ द्या.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड

पानांच्या बेचक्यात, आत बुंध्याशी, कापसाचे बारीक पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. कापूसवाल्यांना, सीताफळवाल्यांना हा पाहुणा सांगायला नको. पानाचा रस शोषतो, चिकट गोड पाणी सोडतो, त्यावर काळी बुरशी येते. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली असेल तर पान उचलून आत बघाच. त्या गोड पाण्यासाठी मुंग्या येतात आणि ढेकणांची राखण करतात, त्यांची पिल्ले इकडून तिकडे नेतात. खवले कीड वेगळी दिसते. पांढरे-करडे, गोल, बारीक ठिपके पानाला चिकटलेले. नखाने खरवडले की निघतात. रोगाचा डाग नखाने निघत नाही, हा फरक ध्यानात ठेवा.

एकदोन कुंड्यांसाठी फवारा कशाला? काडीला कापूस गुंडाळा, दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये बुडवा आणि एकेका ढेकणाला लावा. चुलीपासून लांब बसून, कारण स्पिरिट भडकते. खवले कीड असेल तर जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. आठ दिवसांनी पुन्हा, आणि आणखी आठ दिवसांनी तिसऱ्यांदा. एकदा करून सोडलेत तर अंड्यांतून निघालेली पिल्ले पुन्हा पसरतात.

कुंड्या जास्त असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळीचा भरडा ५० ग्रॅम, फडक्यात पुरचुंडी बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी पिळून गाळा, आणि त्यात साध्या साबणाचा चिमूटभर चुरा मिसळा. कपड्यांची पावडर नको. फवारणी संध्याकाळीच करा, कारण तेलकट अंगाने उन्हात पान भाजते. आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट बघा.

ढेकूण मुळांवरही असतो. झाड वाढत नाही, पाणी बरोबर, ऊन बरोबर, मग कुंडी पालथी करून बघा. मुळांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर माती फेका, मुळ्या साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, नव्या मातीत लावा.

एक सावधगिरी. ढेकणांमध्ये एखादी पांढऱ्या लोकरीची मोठी, चपळ अळी फिरताना दिसली, तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी, ढेकूण खाणारी. हा भुंगेरा आपल्या देशात १८९८ साली मुद्दाम आणला गेला. ढेकणांच्याच लांबच्या नात्यातल्या कोशिनील किडीची गोष्ट याच्या उलटी आहे. १९२६ साली दक्षिण भारतात माजलेला फड्या निवडुंग मारायला तिलाच कामाला लावले होते, आणि तिने तो शोषून शोषून संपवत आणला. शोषणारा किडा एवढासा असतो, पण त्याची ताकद अशी.

आता विषारी औषधांविषयी. कापसाचे किंवा तुरीचे औषध बाटलीत उरले आहे, म्हणून ते कुंडीवर मारायचे नाही. माळ्यावर एखाद्या डब्यात जुनी बी.एच.सी. पावडर असेल, तर तिला हातही लावू नका. पूर्वी ती आपण पिकांवर मारत होतो, सल्लाही आम्हीच देत होतो, पण १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे, मजुरांचे प्राण गेले. आणि कुंडी तर दारात असते, मूल तिथे खेळते, हात पोळला की त्याच पानाचा गर आपण अंगाला लावतो.

डाग आणि बुरशी

पावसाळ्यात पानांवर काळपट-तपकिरी, गोल, किंचित खोल डाग पडतात आणि वाढतात. हा बहुधा अल्टरनेरिया जातीच्या बुरशीचा करपा. कांद्यावर, टोमॅटोवर करपा आणणाऱ्या बुरश्या याच कुळातल्या. डाग पडलेले पान बुंध्यापासून कापून जाळा, कुंड्या हातभर अंतरावर ठेवा, वरून पाणी मारणे बंद करा. दहापैकी नऊ वेळा एवढ्यावर थांबते. नुसत्या शोभेच्या झाडांवर डाग थांबत नसतील, तर कॉपर ऑक्सिक्लोराइड एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम मिसळून फवारता येते. घरात वापरायच्या कोरफडीवर ते मारू नका. तिथे रोगट पाने काढा, नाहीतर पिल्लू घेऊन नवी कुंडी करा.

पान पाणथळ होऊन एका दिवसात पातळ पेजेसारखे वाहू लागले आणि घाण वास सुटला, तर ती जिवाणूंची सड. तिच्यावर औषध नाही. ती कुंडी तेवढी बाहेर काढा.

पानफुटीबद्दल थोडे

पानफुटीच्या पानांवर पिठासारखी पांढरी पूड दिसली, ती बोटाने पुसली जाते पण पुन्हा येते, तर ती भुरी. द्राक्षवाल्यांची जुनी ओळख. दाट, वारा न खेळणाऱ्या जागी ती येते. रोगट पाने खुडा, जागा बदला. फारच असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही उन्हाचा कडाका नसताना. पानफुटीचे एक बरे आहे. निरोगी पान मातीवर नुसते आडवे ठेवले तरी कडेच्या खाचांतून रोपे फुटतात, त्यामुळे जुने झाड टिकवायची धडपड नको. खुडलेला पाला मात्र गोठ्यात किंवा उकिरड्यावर शेळ्यांच्या तोंडी पडेल असा टाकू नका. पानफुटीने जनावरांना विषबाधा होते, हृदयावर परिणाम होतो.

गर वापरताना

कुंडीत आहे ती कोरफडच ना, हेही एकदा बघा. बांधावरच्या घायपाताचे लहान पिल्लू कोणीतरी कोरफड म्हणून लावते. पान मोडून बघा. घायपाताच्या पानातून वाखाचे दोरे निघतात आणि त्याच्या रसाने अंगाला खाज सुटते. कोरफडीत नुसता गर असतो.

वापरासाठी बाहेरचे, पूर्ण भरलेले, डाग नसलेले पान बुंध्याशी कापा आणि पाव तास उभे धरून ठेवा. सालीखालून पिवळा, कडू चीक गळतो, त्याचाच काळाबोळ होतो. तो जोरदार रेचक आहे, म्हणून निथळून, धुऊन मगच गर काढा. गरोदर बाईला आणि लहान मुलाला पोटात देऊ नका. पिलपिलीत, वास येणाऱ्या पानाचा गर जखमेवर कधीच लावू नका. आणि हात पोळला तर आधी वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा, कोरफड त्यानंतर, तीही किरकोळ चटक्याला. फोड मोठे असतील, तोंड किंवा डोळा भाजला असेल, तर सरळ दवाखाना.

एवढे करून दुखणे कळले नाही, तर पान आमच्याकडे पाठवा, नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पान वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पिशवीत ते वाटेतच सडते आणि मूळचा रोग कोणता ते ओळखता येत नाही. सोबत चिठ्ठीत लिहा: कुंडी कशाची, भोक आहे का, माती कोणती, पाणी शेवटचे कधी घातले, कुंडीला ऊन कोणत्या वेळचे लागते, आणि हिर खुपसली तेव्हा ती ओली निघाली की कोरडी.